घाम येणें आणि घाम सुकणें



सन १७७४ च्या जानेवारींतली गोष्ट. पुण्यांत नारायणराव पेशव्यांच्या खुनाला अजून पुरते सहा महिनेही लोटले नव्हते. आणि त्याच सुमारास तिकडे इंग्लंडांत कांहीं विद्वान गृहस्थ एका खोलीचीं दारें बंद करून, आंत भट्टी पेटवून, स्वतःला भाजून घेण्याच्या उद्योगाला लागले होते. जॉर्ज फोर्डाइस या डॉक्टरनें ती खोली तयार केली होती. चार्ल्स ब्लॅग्डन या दुसऱ्या डॉक्टरनें त्या प्रयोगांचा वृत्तांत लिहून रॉयल सोसायटीपुढें ठेविला. आणि कॅप्टन कुक याच्याबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेले जोसेफ बँक्स व डॅनियल सोलँडर हेही मोठ्या हौसेनें त्यांत सामील झाले. जानेवारींत खोलींतील हवा पाणी उकळण्याच्या बिंदूच्या जवळपास पोंचली. पुढें एप्रिलांत ती २६० अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्या आजच्या मापानें सुमारें १२७ अंश सेल्सिअस, इतकी तापविली गेली. त्या हवेंत ब्लॅग्डन कांहीं मिनिटें उभा राहिला. घड्याळाच्या साखळीला बोट लावतां येईना. जवळच पत्र्याच्या चौकटीवर ठेविलेलीं अंडीं वीस मिनिटांत कडक भाजून निघालीं. मांसाचा तुकडा पाऊण तासांत शिजून जवळजवळ वाळून गेला. परंतु त्याच हवेंत उभ्या असलेल्या जिवंत माणसाचें मांस कांहीं शिजलें नाहीं. या गृहस्थांच्या अंगाची उष्णता मोजून पाहिली, तों ती नेहमींच्या मानानें फारशी वाढलेली नव्हती.

ही हकीकत मीं विद्यार्थिदशेंत वाचली तेव्हां एक मौज म्हणून वाचली आणि विसरून गेलों. ती पुन्हां आठवली ती माझ्या अकोल्याच्या मावशीमुळें. मावशीचें सारें आयुष्य वऱ्हाडांत गेलें. ४५ अंशांच्या दुपारीं माजघराच्या दाराला वाळ्याची ताटी लावून, तिच्यावर अधूनमधून तांब्यानें पाणी शिंपडीत, ती स्वस्थपणें निवडण-टिपण करीत बसे. एका जूनच्या आरंभीं ती आमच्याकडे दादरला आली. पाऊस अजून आला नव्हता. सकाळच्या वर्तमानपत्रांत मुंबईचें उष्णमान ३४ अंश हें वाचून तिला हंसू आलें. “चौतीस? अरे, आमच्याकडे चौतीस म्हणजे सकाळचे आठ!” दुसऱ्या दिवशीं वटपौर्णिमा. पुरणासाठीं ती सकाळपासून स्वयंपाकघरांत उभी होती. खिडकी लहान, दोन्ही शेगड्या पेटलेल्या, कुकरची वाफ कोंडलेली. साडेबाराच्या सुमारास ती कांहींतरी असंबद्ध बोलूं लागली. मला तिनें माझ्या वडिलांच्या नांवानें हांक मारली, आणि ओट्याला धरीत धरीत ती खालीं बसली. अंगाला हात लावला तों तें विलक्षण तापलेलें. आणि लुगडें तर घामानें अक्षरशः निथळत होतें.

४५ अंश हंसत सोसणारी बाई ३४ अंशांत कां पडली? आजच्या माझ्या भाषणाचा विषय एवढाच आहे.

प्रथम शरीराचा जमाखर्च पाहूं. आपण खातों त्या अन्नाचें शरीरांत एक प्रकारचें मंद ज्वलन होतें, आणि त्या ज्वलनांतून निघालेली बहुतेक शक्ति शेवटीं उष्णतेच्या रूपानेंच बाहेर पडते. जिना चढतांना किंवा ओझें उचलतांना स्नायू जी शक्ति खर्च करतात तिच्यापैकीं जेमतेम चतुर्थांश कामीं येते. बाकीची सारी उष्णता. कांहीं एक काम न करतां आरामखुर्चींत पडून राहिलेला साठ किलो वजनाचा मनुष्यही दर तासाला सुमारें सत्तर उष्मांक इतकी उष्णता निर्माण करीत असतो; जुन्या पद्धतीचा ऐंशी वॅटचा विजेचा दिवा देई तितकी. एवढ्या शरीराला एक अंशानें तापवावयास सुमारें पन्नास उष्मांक पुरतात. आतां हिशेब करा. ही उष्णता बाहेर जाण्याच्या सर्व वाटा बुजविल्या, तर पाऊण तासांत अंग एका अंशानें चढेल, आणि चार तासांच्या आंत तें ३७ अंशांवरून ४२ अंशांवर जाईल. तेथें शरीरांतील प्रथिनांची घडी विसकटूं लागते, मेंदूचें काम ढासळतें, आणि मग परत फिरणें कठीण. अर्थात् बाहेरून उष्णता येऊं न देणें ही शरीराची पहिली काळजी नव्हेच. स्वतःच्याच अंगांत रात्रंदिवस पेटलेल्या शेगडीची उष्णता टाकावयाची कोठें, ही ती काळजी आहे.

३७ हा आंकडा आपण सर्वांनीं पाठ केलेला असतो. तो रूढ केला लाइप्झिग येथील वुंडरलिख या डॉक्टरनें. सुमारें पंचवीस हजार रोग्यांच्या नोंदी घेऊन त्यानें १८६८ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा थर्मामीटर फूटभर लांब होता आणि तो काखेंत पंधरा-वीस मिनिटें धरून ठेवावा लागे. रोग्यांच्या सोशिकपणाचें कौतुक वाटतें. पण ३७ हें वेदवाक्य नव्हे. पहाटे अंग सर्वांत थंड असतें, संध्याकाळीं सर्वांत उष्ण; या दोहोंत अर्ध्या अंशापासून एक अंशापर्यंत अंतर असतें. स्त्रियांच्या मासिक चक्राच्या उत्तरार्धांत तें थोडें वर सरकतें. आणि अमेरिकेंतील जुन्या-नव्या नोंदी पडताळून २०२० सालीं असें दाखविण्यांत आलें कीं, तेथील लोकांचें सरासरी उष्णमान एकोणिसाव्या शतकापासून हळूहळू उतरत आलें आहे. तें कसेंही असो. दोन अंश इकडे कीं तिकडे, एवढ्या अरुंद पट्ट्यांत आपला सारा संसार चालतो.

या पट्ट्याची राखण करणारें ठाणें मेंदूच्या तळाशीं आहे. त्याचें नांव हायपोथॅलॅमस; आकार बदामाएवढा. तेथून वाहणाऱ्या रक्ताची उष्णता तें स्वतः जोखतें, आणि कातडींतील ज्ञानतंतू बाहेरच्या हवेची बातमी त्याला पोंचवितात. ही बातमी देणारे तंतू उष्णता ओळखतात तरी कसे, हें अगदीं अलीकडे उमगलें. डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञानें त्यासाठीं मिरची वापरली! मिरचींतील झोंबणारें द्रव्य ज्ञानतंतूंवरील ज्या द्वारावर काम करतें तें द्वार त्यानें १९९७ सालीं शोधून काढलें. आणि आढळलें असें कीं, भाजण्याइतकी उष्णता, म्हणजे सुमारें ४३ अंशांपुढची, तेंच द्वार उघडते. मिरची खाऊन कपाळावर घाम कां येतो, याचें उत्तर यांत आलें. शरीराला खरोखरच वाटतें कीं आपण तापलों. ‘मिरची उष्ण असते’ असें म्हणणाऱ्या आमच्या आजीबाईंना कोणी पारितोषिक दिलें नाहीं. ज्युलियसला मात्र २०२१ सालचें नोबेल पारितोषिक, आर्डेम पॅटापूटियन याच्यासह, मिळालें, आणि तें योग्यच झालें.

अंग तापतें आहे असें कळतांच ठाण्यावरून पहिला हुकूम सुटतो तो रक्तवाहिन्यांना. कातडीखालच्या बारीक वाहिन्या सैल पडतात, रक्त आंतली उष्णता घेऊन पृष्ठभागाशीं येतें, आणि तेथून ती हवेंत जाते. म्हणूनच उन्हांतून आलेल्या मुलाचे गाल लाल दिसतात. या वाहिन्यांना ज्ञानतंतूंचें नियंत्रण असतें हें क्लॉड बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५० नंतरच्या एकदोन वर्षांत सशाच्या कानावर दाखवून दिलें: मानेंतील एक विशिष्ट तंतू कापतांच त्या बाजूचा कान रक्तानें भरून आला आणि हाताला स्पष्टपणें ऊन लागूं लागला. हा उपाय स्वस्त वाटतो, पण फुकट नाहीं. विश्रांतींत आपलें हृदय मिनिटाला सुमारें पांच लिटर रक्त ढकलतें. अतिशय उष्णतेंत एकट्या कातडीकडे सात-आठ लिटर रक्त पाठविण्याची पाळी येऊं शकते. हें जास्तीचें काम हृदयानेंच करावयाचें. वृद्ध माणसाचें किंवा दुखणाइताचें हृदय ज्या दिवशीं थकून थांबतें, त्या दिवशीं कागदावर हृदयविकार असें लिहिलें जातें. उन्हाळ्याचें नांव कोणी लिहीत नाहीं.

शिवाय या उपायाला एक मर्यादा आहे, आणि आपल्या देशांत तीच मुख्य. कातडीचें उष्णमान साधारण ३३ ते ३५ अंश असतें. हवा त्याहून थंड असेल तोंवरच उष्णता अंगाकडून हवेकडे वाहील. हवा ३५ अंशांची झाली कीं ही वाट बंद. त्यापुढें गेली कीं प्रवाह उलटतो आणि हवाच अंगाला तापवूं लागते. त्या क्षणापासून माणसाजवळ एकच साधन उरतें. तें म्हणजे घाम.

किंवा अधिक नेमकें बोलावयाचें तर, घामाचें सुकणें. हा भेद आपण बोलतांना करीत नाहीं. “घाम आला, आतां बरें वाटेल” असें सहज म्हणतों. परंतु आलेला घाम नुसता ओघळून जमिनीवर पडला तर त्यानें अंगाची उष्णता म्हणण्यासारखी कांहींच नेली नाहीं. पाण्याची वाफ होतांना तें भोंवतालची उष्णता ओढून घेतें. कातडीवरचा एक लिटर घाम पुरता सुकला तर तो सुमारें ५८० उष्मांक घेऊन जातो, म्हणजे आरामखुर्चींतल्या त्या गृहस्थाची आठ तासांची सारी मिळकत. वीस ते चाळीस लाख घर्मपिंड या कामासाठीं कातडींत पेरलेले आहेत. कुत्र्याला ही सोय जवळजवळ नाहीं, म्हणून तो जीभ काढून धापा टाकतो; म्हशीला ती अपुरी, म्हणून ती डबक्यांत बसते. मनुष्य मात्र सर्वांगानें घाम गाळूं शकतो, आणि या बाबतींत त्याची बरोबरी करणारे प्राणी फारच थोडे.

आपल्या घरांतील माठ याहून निराळें कांहीं करीत नाहीं. माठाला पाझर असतो. पाझरलेलें पाणी बाहेरच्या अंगावर सुकतें आणि आंतलें पाणी गार होतें. तेंच पाणी चिनी मातीच्या बरणींत ठेवा; तें खोलीइतकेंच कोमट राहील. ब्लॅग्डननें हाच प्रयोग आपल्या तापलेल्या खोलींत केला होता. दोन भांड्यांत पाणी ठेविलें. उघड्या भांड्यांतील पाणी कांहीं केल्या उकळेना, कारण वाफ होऊन जाणारें पाणी राहिलेल्या पाण्याला थंड ठेवीत होतें. दुसऱ्या भांड्यांतील पाण्यावर थोडें तेल सोडलें. तेलाचा पातळ पडदा पसरला, वाफ कोंडली, आणि तें पाणी शेवटीं उकळलें. ब्लॅग्डन आणि मांसाचा तुकडा यांच्यांतील फरक हा असा होता. एकजण पाझरत होता, दुसरा नव्हता.

परंतु त्याच वृत्तांताच्या आरंभीं आणखी एक प्रयोग दिला आहे. तो फारसा कोणी सांगत नाहीं, कारण त्यांत पराक्रम कमी आहे. माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचा प्रयोग तोच. कोरड्या खोलींत शिरण्यापूर्वीं फोर्डाइसनें जमिनीवर उकळतें पाणी ओतून एक खोली वाफेनें भरली होती. तिचें उष्णमान १२० फॅरनहाइटच्या आसपास, म्हणजे अवघें ४९ अंश सेल्सिअस. १२७ पुढें ४९ तें काय? पण या ओलसर खोलींत त्याच्या अंगावरून पाण्याचे ओघळ वाहूं लागले. हें सारें घामाचें पाणी असावें काय? त्यानें एक कांचेची कुपी शरीराइतक्या ऊन पाण्यानें भरून आंत आणविली. तिच्यावरही तसेच थेंब जमूं लागले. पुसले तरी पुन्हां जमले. कांचेला घाम येत नाहीं. हवेंतली वाफच कुपीवर आणि फोर्डाइसच्या अंगावर थिजत होती. आणि वाफेचें पाणी होतांना उलटा व्यवहार होतो: सुकणारें पाणी जी उष्णता घेऊन जातें, तीच थिजणारी वाफ अंगाला परत देते. माठ थंड होण्याऐवजीं तापूं लागतो.

दादरचें स्वयंपाकघर आणि फोर्डाइसची खोली यांत अंतर आहे तें केवळ मात्रेचें.

हवेंत किती वाफ आहे हें पाहण्याची एक जुनी आणि सोपी युक्ति आहे. थर्मामीटरच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळावी आणि त्याला वारा घालावा. मलमलीचें पाणी जितकें सुकेल तितका पारा उतरेल. हवा वाफेनें तुडुंब भरलेली असेल तर तो मुळींच उतरणार नाहीं. या ओल्या थर्मामीटरचा आंकडा हा शरीराच्या दृष्टीनें खरा आंकडा, कारण घामानें भिजलेला मनुष्य म्हणजे ओली मलमल गुंडाळलेला थर्मामीटरच होय. आतां अकोल्याची दुपार घ्या: ४५ अंश उष्णता, सापेक्ष आर्द्रता शेंकडा १५. ओला थर्मामीटर सुमारें २४ अंश दाखवील. मुंबईचा पावसापूर्वींचा दिवस घ्या: ३४ अंश उष्णता, आर्द्रता शेंकडा ७०. ओला थर्मामीटर २९ च्या पुढें जाईल. वाळ्याची ताटी म्हणजे तरी काय, ओली मलमलच. अकोल्यास तिच्यांतून येणारा वारा मावशीला २४ च्या दिशेनें नेत होता. दादरला तीच ताटी लावली असती तर नुसती ओल वाढली असती.

हा ओला आंकडा ३५ वर गेला कीं धडधाकट मनुष्यही, सांवलींत, उघड्या अंगानें, भरपूर पाणी पिऊन, कांहीं तासांपलीकडे तग धरूं शकणार नाहीं, असें गणितावरून २०१० सालीं मांडण्यांत आलें होतें. पुढें अमेरिकेंत पेनसिल्व्हानिया येथें तरुण, निरोगी माणसांवर प्रत्यक्ष प्रयोग झाले आणि २०२२ सालीं त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हलकें काम करीत असतां दमट हवेंत त्यांचें अंग ३०-३१ च्या सुमारासच हाताबाहेर जाऊं लागलें. तरुणांची ही कथा. वृद्धांची मर्यादा त्याहून खालीं असणार हें सांगावयास नकोच.

याचा अर्थ विदर्भांतला उन्हाळा निरुपद्रवी, असा कोणी घेऊं नये. तेथें धोक्याची तऱ्हा निराळी. कोरड्या हवेंत घाम येतां क्षणींच उडून जातो, म्हणून तो दिसत नाहीं. सदरा कोरडाच राहतो. उन्हांत राबणारा मनुष्य तासाला लिटर-दीड लिटर पाणी गमावून बसतो आणि त्याला वाटतें कीं आज घाम फारसा आला नाहीं. माठ गार राहतो खरा, पण आंतलें पाणी तळाला जातें. तेथें पाण्याचा तुटवडा माणसाला मारतो, येथें वाऱ्याचा आणि कोरडेपणाचा. पाण्याबरोबर मीठही जातें, तेव्हां मीठ घातलेलें ताक किंवा कैरीचें पन्हें नुसत्या पाण्याहून सरस. खिशांत कांदा ठेवण्याची चाल तिकडे अजून आहे. कांद्यानें अपाय कांहीं होत नाहीं. त्याच्या भरंवशावर दुपारीं बारा वाजतां बाहेर पडल्यानें होतो.

पंख्याविषयींही एक शब्द बोललें पाहिजे. ब्लॅग्डननें मांसाच्या एका तुकड्यावर भात्यानें वारा घातला, तेव्हां तो तेरा मिनिटांत शिजला. वारा न घातलेल्याला याच्या दुपटीहून अधिक वेळ लागला होता. कारण स्थिर हवेंत प्रत्येक वस्तूभोंवतीं हवेचें एक पातळ पांघरूण असतें, आणि वारा तें उडवून देतो. हवा आपल्यापेक्षां थंड असेल तर पांघरूण उडालेलें बरें. ती फार तापलेली असेल तर तेंच पांघरूण आपलें संरक्षण असतें. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे कीं, हवा ४० अंशांपुढें गेल्यावर केवळ पंख्यावर विसंबूं नये. मुंबईच्या ३४ अंशांत मात्र पंखा हा खरा मित्र. आणि आमच्या घरांतून पंखा कोठें नसतो? जेथें चूल असते तेथें. ज्योत विझते, हें कारण. बैठकींत दोन पंखे फिरत असतात, आणि वाफेच्या खोलींत उभी असलेली व्यक्ति पदरानें वारा घेते.

थंडीचें प्रकरण मी थोडक्यांत आटोपतों, कारण आपल्याकडे तिची भीति कमी. अंग निवूं लागलें कीं कातडीच्या वाहिन्या आकसतात, आणि स्नायू कांपून उष्णता निर्माण करतात. हुडहुडी भरते ती ही. तान्ह्या मुलाला कांपण्याची कला नीटशी साधत नाहीं. त्याच्या पाठीकडे, दोन खांद्यांच्या मध्यें, तपकिरी रंगाची एक चरबी असते. ती जळून त्याला ऊब देते. मोठ्या माणसांतही ही चरबी थोडी शिल्लक असून काम करीत असते हें २००९ सालीं निश्चित झालें.

पण कांपण्यावरून एक गोष्ट निघते, आणि ती प्रत्येक घरीं ठाऊक असणें अगत्याचें आहे. हिंवताप हा आपला शब्द पाहा. हिंव म्हणजे थंडी आणि ताप म्हणजे उष्णता. अंग भाजत असतां माणूस थंडीनें कुडकुडतो आणि तीन गोधड्या मागतो. हें कोडें असें सुटतें: तापांत मेंदूचें ठाणें बिघडलेलें नसतें. रोगजंतूंशीं झुंज चालली असतां रक्तांतून येणाऱ्या संदेशांमुळें तें आपलें लक्ष्यच ३७ वरून ३९ वर नेऊन ठेवतें. मग ३७ अंशांचें अंग त्याला थंड वाटतें, आणि कांपून कांपून तें ३९ गांठतें. लक्ष्य पुन्हां खालीं आलें कीं घाम सुटतो आणि ताप उतरतो. ॲस्पिरिन, पॅरासिटामॉल इत्यादि औषधें हें लक्ष्यच खालीं आणतात. ॲस्पिरिनचें कार्य कसें चालतें हें जॉन व्हेन यानें १९७१ सालीं दाखविलें.

उष्माघात हा याच्या अगदीं उलट. त्यांत लक्ष्य ३७ वरच असतें. ठाणें शिकस्त करीत असतें, पण उष्णता बाहेर जाण्याची वाटच बंद झालेली असते. तापाच्या गोळीनें तेथें कांहीं साधत नाहीं, उलट यकृत-मूत्रपिंडांना अपाय होण्याचा संभव. मावशी खालीं बसली तेव्हां शेजारच्या एका सद्‌गृहस्थांनीं तत्परतेनें तापाची गोळी आणली, आणि दुसऱ्या कोणी शाल आणली. दोघांचाही हेतु चांगला होता. सुदैवानें खालच्या मजल्यावर एक निवृत्त परिचारिका राहत. त्यांनीं दोन्ही वस्तू बाजूला सारल्या, मावशीला उचलून बैठकींत पंख्याखालीं आणविलें, लुगडें सैल केलें, आणि न्हाणीघरांतून बादली आणून तिच्या अंगावर डोक्यापासून पायांपर्यंत पाणी ओतलें. गालिचा भिजला. “भिजूं द्या,” त्या म्हणाल्या. काखेंत आणि मानेशीं बर्फाच्या पिशव्या ठेविल्या. तोंडांत मात्र पाण्याचा थेंब घालूं दिला नाहीं, कारण अर्धवट शुद्धींतील माणसाच्या तें श्वासनलिकेंत जातें. १०८ क्रमांकावर बोलाविलेली रुग्णवाहिका येईपर्यंत पंचवीस मिनिटें गेलीं. तेवढ्यांत मावशीनें मला माझ्या नांवानें हांक मारली. रुग्णालयांतील डॉक्टर म्हणाले कीं, निम्मा उपचार घरींच झालेला आहे.

अंग ४० अंशांवर आणि बोलणें असंबद्ध, हीं दोन लक्षणें एकत्र दिसलीं कीं पुढें विचार करीत बसूं नये. ‘घाम येतो आहे, म्हणजे उष्माघात नव्हे’ ही समजूत चुकीची आहे. कित्येकदां कातडी कोरडी पडते, कित्येकदां पडत नाहीं. मावशीचें लुगडें निथळत होतें हें मीं सांगितलेंच.

अहमदाबादेस मे २०१० मध्यें पारा ४६.८ वर गेला होता. त्या महिन्यांतील मृत्यूंची पुढें तुलना केली तेव्हां नेहमींच्या मानानें १३४४ मृत्यू अधिक झाल्याचें दिसलें. त्यांतून धडा घेऊन त्या शहरानें २०१३ सालीं उष्णतेशीं सामना करण्याची योजना आंखली. अशी योजना करणारें दक्षिण आशियांतील तें पहिलें शहर. आपल्याकडे १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघर येथें उघड्या मैदानावर भर दुपारीं मोठा जनसमुदाय जमला होता. तेथें उष्माघातानें १४ माणसें दगावलीं. त्या दिवशीं पारा ३८ च्या आसपास होता. ४६.८ हा आंकडा वाचून आपण दचकतों. ३८ वाचून पान उलटतों.

आणि ती एप्रिलची गोष्ट होती, हेंही लक्षांत घ्या. उष्णतेची संवय शरीराला व्हावी लागते. तिला आठवडा-पंधरवडा लागतो. तेवढ्या अवधींत घाम लौकर सुटूं लागतो, अधिक सुटतो, आणि त्यांत मीठ कमी जातें. म्हणून उन्हाळ्याचे पहिले दिवस, नव्यानें कामावर आलेला मजूर, थंड कचेरींतून उठून थेट गांवच्या जत्रेला गेलेला मनुष्य, यांना जपावें लागतें. म्हातारपणीं तर तहानच नीट लागत नाहीं आणि घामही उशिरां सुटतो. “मला नको आहे पाणी” या आजोबांच्या शब्दावर विश्वास ठेवूं नये. कांहीं औषधें घाम कमी करतात, कांहीं शरीरांतलें पाणी काढून टाकतात. तीं घेणाऱ्यांनीं उन्हाळ्याच्या तोंडीं आपल्या डॉक्टरांना एकदां विचारून घ्यावें. मावशीही अशीच एक गोळी रोज घेत होती, आणि हें आम्हांपैकीं कोणालाच ठाऊक नव्हतें.

या प्रसंगानंतर मीं बाजारांतून हवेचें उष्णमान दाखविणारे दोन साधे थर्मामीटर आणले. एकाच्या फुग्याला मलमलीची चिंधी गुंडाळून तिचें टोंक पाण्याच्या वाटींत सोडलें, आणि दोन्ही स्वयंपाकघरांत शेजारीं शेजारीं टांगले. दोहोंतलें अंतर जितकें कमी, तितका घाम सुकणें कठीण. मावशी पुढच्या वर्षीं आली तेव्हां तिनें त्यांची चौकशी केली आणि वाचावयाचे कसे तें शिकून घेतलें. परवां दुपारीं पोळ्या चालल्या असतां मीं पाहिलें: कोरडा ३६ वर होता, ओला ३३ वर. आम्ही शेगडी बंद केली, उरलेल्या कणकेचा गोळा झांकून ठेविला, आणि संध्याकाळीं पोळ्या केल्या.